इंग्रजी साहित्य आणि पोटापाण्याचं

'इंग्रजी साहित्य घेतलं तर शिकवण्यापलीकडे काय?' या तुमच्या प्रश्नावर थोडी भर. प्रकाशन, जाहिरात, भाषांतर, उपशीर्षकं, अगदी ॲपच्या स्क्रीनवरचा मजकूर, सगळीकडे नेमकं लिहिणारा माणूस लागतो. सर्जनशील लेखन शिकवून येतं का, हा वाद जुनाच. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाची लेखन कार्यशाळा तर १९३६पासून चालू आहे. अशा वर्गांची रूढ पद्धत म्हणजे कथा सगळ्यांनी आधी वाचायची, मग चिरफाड करायची आणि लेखकाने गप्प बसायचं. माझ्या कथेचा पहिला परिच्छेद असाच उडाला होता. जाम राग आला, पण कथा खरंच दुसऱ्यापासून सुरू होत होती! आता संपादनाच्या नोकरीत तेच करतो, दुसऱ्यांच्या मजकुरावर. मुलाखतीत मला गुणपत्रिकेआधी लिहिलेलं काहीतरी दाखवा म्हणाले होते.