बचत गटातून बाईची कमाई वाढते, की घराची?

रामबागवाली: आमचं इंदूरजवळ सांवेरकडे थोडं शेत आहे, वाट्याने दिलेलं. ते करणारी बाई तिथल्या समूहात आहे (इथे मध्य प्रदेशात बचत गटाला समूहच म्हणतात). बारा जणी, आठवड्याला वीस रुपये. गेल्या वर्षी तिने समूहातून साठ हजार उचलून म्हैस घेतली. रविवारी डेअरीचं कार्ड दाखवलं. लिटर, फॅट, रक्कम, सगळं चोख. वर नाव मात्र नवऱ्याचं. दर दहा दिवसांनी पैसे त्याच्या खात्यात जातात. कर्ज हिच्या नावावर. वैरण, शेण, धारा हिच्याच गळ्यात, आणि हप्ता चुकला तर बैठकीत मान खाली घालायची तीही हिनेच. घराचं उत्पन्न वाढलं असेल, हिचं वाढलं असं मी कसं म्हणू?

हिशेबी: ताई, हेच साठ हजार सावकाराकडून घेतले असते तर? आमच्या भागात शेकडा पाचचा दर आहे, म्हणजे महिन्याला तीन हजार नुसतं व्याज. समूहात शेकडा दोन, बाराशे. अठराशे रुपये वाचले ते कमाईत धरणार की नाही?

रामबागवाली: शेकडा दोन म्हणजे वर्षाला चोवीस टक्के, भाऊ. महिला समूहांना बँक तीन लाखांपर्यंत सात टक्क्यांनी देते. मग ही चोवीस का भरते?

हिशेबी: कारण मधला फरक कुणाच्या घशात जात नाही, समूहाच्या निधीत जमतो. त्यात तिचाही वाटा आहे. सावकाराच्या पेटीत कधी कुणाचा वाटा असतो का?

महूकर: २०२० मध्ये थ्री-आय-ई या संस्थेने ग्रामीण आजीविका मिशनचं, म्हणजे असे समूह उभे करणाऱ्या सरकारी योजनेचं, नऊ राज्यांत मूल्यमापन केलं, आपलं मध्य प्रदेशही त्यात होतं. उत्पन्नात १९ टक्के वाढ आढळली, खासगी उधारी घटली.

शंकेखोर: आणि हैदराबादच्या वस्त्यांत बॅनर्जी, डुफ्लो वगैरे अर्थशास्त्रज्ञांनी छोट्या कर्जांचा परिणाम पाहिला तेव्हा घरखर्चात ठळक फरक दिसलाच नाही. तेही सांगा की!

महूकर: ते शहरातलं, मायक्रोफायनान्स म्हणजे छोटी कर्जं देणाऱ्या कंपनीचं कर्ज. समूहात आधी बचत, मग आपसांतली उचल, मग बँक. २०१० मध्ये आंध्रात वसुलीवरून जो हाहाकार झाला तोही कंपन्यांचाच. दोन्हींना एका दावणीला बांधू नका. पण ताईंच्या म्हशीला उत्तर माझ्याकडेही नाही, कारण ते १९ टक्के कुटुंबाच्या उत्पन्नाचे आहेत.

चिप्सवाली: तुम्ही सगळे व्याजावरच अडकलात. आमच्या देपालपूरकडच्या समूहाने दोन उन्हाळे बटाट्याचे चिप्स केले. पहाटे चारला उठून किस, उकळ, गच्चीवर साड्या पसरून वाळवण. पहिल्या वर्षी माल डब्यातच राहिला, कारण इंदूरला घरोघरी चिप्स होतात, आमचे कोण घेणार? मग शाळेच्या गणवेशांची शिलाई मिळाली. काम झालं जुलैत, पैसे आले दिवाळीनंतर, तोवर दोऱ्याची उधारी आमच्या डोक्यावर. कर्ज वेळेवर मिळतं हो, गिऱ्हाईक मिळत नाही. तरी मी समूह सोडणार नाही. सासूचं ऑपरेशन निघालं तेव्हा रात्री नऊला पेटी उघडली होती बायकांनी, आणि नवऱ्याला भावापुढे हात पसरावा लागला नाही.

हिशेबी: ताई, एक विचारतो. डेअरीचं कार्ड बायकोच्या नावावर करता येत नाही का?

रामबागवाली: येतं. मीही तिला तेच म्हटलं. ती म्हणाली, "समूहात सगळ्या जणी ठरवतील तर करीन. एकटीने केलं तर भांडण होईल." म्हणजे चिप्सवाली ताई, तुमचं थोडं पटलं. पुढची बैठक मंगळवारी आहे, मी जाऊन बसणार आहे.