जवानाच्या पुण्यतिथीला बुलेट घेऊन गावात शिरायचं की वेशीवरच थांबायचं? स्पष्ट मतं हवीत

घाटातला_रायडर (धागाकर्ता)
गेल्या रविवारी आम्ही ३८ जण पुरंदर तालुक्यातल्या एका गावात जाऊन आलो. तिथला जवान सीमेवर शहीद झाला त्याला वर्ष झालं, गावाने शाळेच्या पटांगणात श्रद्धांजलीचा कार्यक्रम ठेवला होता. सकाळी सहाला घोरपडीच्या वॉर मेमोरियलपाशी जमलो, फुलं वाहिली, मग हडपसरवरून दिवेघाट. घाट चढेपर्यंत सगळं शिस्तीत होतं. गावात शिरलो आणि पुढच्या चार-पाच जणांनी अ‍ॅक्सिलरेटर पिळायला सुरुवात केली, मागून हॉर्न, घोषणा, आणि मी बघतो तर मांडवाच्या खांबाशी त्याची पाच-सहा वर्षांची पोरगी दोन्ही कान दाबून आजीच्या पदरात तोंड खुपसून उभी. शेजारच्या गोठ्यातलं वासरू दावं तोडून पळालं. हॉर्न मीही वाजवत होतो, हे आधीच सांगतो.

तेव्हापासून ते पोरगीचं चित्र डोळ्यांपुढून जात नाही. माझं मत आता असं झालंय की जायचं नक्की, पण वेशीवर इंजिन बंद, हेल्मेट हातात आणि पुढे चालत. ग्रुपमध्ये हे बोललो तर निम्मे चिडले. २६ जुलैला कारगिल विजय दिवसाची राईड आहे, त्याआधी ठरवायचंय.

बुलेट_साडेतीनशे
मी त्या चिडलेल्या निम्म्यातला. भाऊ, तुझी भावना कळते पण पूर्ण चुकतोयस. अंत्यसंस्काराला बंदुकीच्या फैरी झाडतातच ना, त्यालाही आवाज असतो. आणि बुलेटचं सैन्याशी नातं आजचं नाही, १९५५ ला मद्रासला ही गाडी बनायला लागली तीच मुळात आर्मीला गस्तीसाठी गाड्या हव्या होत्या म्हणून. ज्या वॉर मेमोरियलपासून आपण निघालो ते लोकांनी वर्गणी काढून उभं केलंय, १९९८ साली. म्हणजे साध्या माणसाने आपल्या परीने मान द्यायचा ही पुण्याची जुनी रीत आहे. कुणी फुलं देतं, कुणी वर्गणी, आमच्याकडे गाडी आहे, आम्ही गाडी घेऊन जातो. त्या दिवशी गावातली पोरं रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी सॅल्यूट करत उभी होती ते का नाही लिहिलंस?

निवृत्त_सुभेदार_खडकी
फैरींचा मुद्दा आला म्हणून लिहितो. २४ वर्षं सॅपर्समध्ये, म्हणजे सैन्याच्या इंजिनिअर दलात काढली, अशा ड्यूट्या केल्यात, एका साथीदाराची पेटी त्याच्या घरी मीच घेऊन गेलो होतो. फैर हुकमावर झडते. आधी शोक शस्त्र, बंदुकीचं तोंड जमिनीकडे, मान खाली, मग बिगुलावर लास्ट पोस्ट ही निरोपाची धून आणि त्यानंतर दोन मिनिटं पापणीसुद्धा हलवायची नाही. तो आवाज शांततेसाठी असतो. जो तो आपल्या मनाला येईल तेव्हा पिळतो, त्याला मानवंदना म्हणू नका.

दुसरं, झेंडा. तुमच्या राईडच्या फोटोत दोन गाड्यांच्या मागच्या सीटला तिरंगा बांधलेला दिसतोय, खालचं टोक चेनच्या ग्रीसने काळं झालेलं. २००२ च्या ध्वजसंहितेप्रमाणे गाडीवर तिरंगा लावायचा मान राष्ट्रपती, पंतप्रधान, मंत्री, न्यायाधीश अशा मोजक्या लोकांनाच आहे. प्रेमापोटी केलंत हे मान्य, पण पोरांनो, त्याच झेंड्यात गुंडाळून तो घरी आला होता.

मात्र येऊ नका असं मी म्हणणार नाही. या. सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल पुण्यात जन्मले, पूना हॉर्स या रणगाडा रेजिमेंटचे, १६ डिसेंबर १९७१ ला बसंतरच्या लढाईत २१ व्या वर्षी गेले, परमवीर चक्र. ही तारीख आज पुण्यात किती जणांना पाठ आहे? तुमच्यामुळे चार पोरांना तेवढं जरी कळलं तरी पुष्कळ.

वारजे_ते_वानवडी
मला तर ही राईडच पटत नाही. ३८ गाड्यांचं पेट्रोल, टीशर्ट, बॅनर, हा सगळा पैसा ७ डिसेंबरच्या सशस्त्र सेना ध्वजदिन निधीत टाका की. नाहीतर खडकीच्या पॅराप्लेजिक सेंटरला जा, पाठीच्या कण्याला मार लागून व्हीलचेअरवर आलेले जवान आहेत तिथे, जिवंत आहेत, त्यांच्याशी जाऊन गप्पा मारा. माझ्या चुलतबहिणीचे मिस्टर ड्यूटीवर असताना गेले. कागदांसाठी ती वर्षभर एका ऑफिसातून दुसऱ्या ऑफिसात फिरत होती, धाकटं पोर कडेवर. एवढे लोक फोटो काढून गेले, पण चल गं तुझ्याबरोबर येतो असं एकही म्हणाला नाही.

बुलेट_साडेतीनशे
ताई, तुमच्या बहिणीचं वाचून वाईट वाटलं, आणि तसं काम असेल तर आमच्यातले दहा जण रजा टाकून येतील, हे मी जबाबदारीने लिहितोय. पण पैसे दिले म्हणजे झालं असं नसतं हो. पहिल्या दिवशी अख्खा जिल्हा लोटतो, रस्त्यावर रांगोळ्या, फुलं, सगळे नेते. वर्षाने त्याच घरासमोर कोण असतं? आम्ही होतो.

सुभेदार काका, झेंड्याचं मान्य. चूक झाली, पुढच्या राईडला एकाही गाडीवर बांधू देणार नाही. आवाजाचं मात्र अजून पटलेलं नाही.

कर्वेनगर_कट्टा
अमेरिकेत पॅट्रियट गार्ड रायडर्स म्हणून आहेत, २००५ पासून. तिकडे एका चर्चची माणसं सैनिकांच्या अंत्यविधीला येऊन निषेधाच्या घोषणा द्यायची, त्यांच्या आणि घरच्यांच्या मध्ये उभं राहायला हे बाईकवाले जमले. त्यांचा पहिला नियम, घरच्यांनी बोलावलं तरच जायचं. पोचले की झेंडे धरून रांगेत गप्प उभे राहतात. आपल्याला त्या घरच्यांनी बोलावलं होतं का?

घाटातला_रायडर
सरपंचांनी बोलावलं होतं. घरच्यांना आम्ही विचारलंच नाही. खरंय हे.

गावचाच
मित्राने हा धागा पाठवला. मी त्या जवानाचा मेव्हणा. नाव लिहीत नाही, तुम्हीही कुणी लिहू नका.

तुम्ही आलात त्याचा राग नाही. त्याच्या आईने, म्हणजे माझ्या बहिणीच्या सासूबाईंनी त्या दिवशी आळीतून पेले गोळा करून चाळीस चहा केले आणि तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी ते धुऊन पालथे घालून ठेवले, हे त्या अजून सांगतात. पण पोरगी रात्री दोनदा दचकून उठली. बहिणीला त्या दिवशी पुढे बसवलं होतं, तिला बसायचं नव्हतं, तेही कुणी विचारलं नाही, त्यात आम्ही घरचेसुद्धा आलो.

आता दुसरी बाजू ऐका. त्याची स्वतःची बुलेट गोठ्यात ताडपत्रीखाली उभी आहे. दर महिन्याला मी किक मारून पाच मिनिटं चालू ठेवतो. आवाज आला की सासूबाई हातातलं काम टाकून दारात येतात आणि बंद होईपर्यंत उभ्या राहतात. काही बोलत नाहीत. त्याच आवाजाला पोरगी आत पळते. एकाच घरात हे असं आहे, तर तुम्ही बाहेरून कसं ठरवणार?

या. आधी फोन करा, बहीण म्हणेल तसं करा, वर्षभरात तिचं मत बदललं तर तेही ऐका. वेशीवर पिंपळ आहे, गाड्या तिथे सावलीत बसतील, चाळीसच्या वरही बसतील.

निवृत्त_सुभेदार_खडकी
बेटा, बहिणीला पेन्शनच्या किंवा कुठल्याही कागदाची अडचण असेल तर मला कळव. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मी स्वतः बरोबर येईन.

गावचाच
कळवतो काका. आभार. आणि रायडर मंडळींना एक विचारायचं होतं, दोन महिने झाले गाडी चालूच होत नाहीये, किक मारून पाय सुजला. गावातल्या मेकॅनिकने कार्ब्युरेटरमध्ये कचरा आहे म्हणून हात वर केले. सासूबाई दोनदा विचारून गेल्या. तुमच्यात कुणाला येतं का?

बुलेट_साडेतीनशे
माझं मत आहे तिथेच आहे. शनिवारी सकाळी येतो, एकटाच, टूलकिट घेऊन. कुठल्या सालची आहे, सेल्फ आहे का नुसती किक?