‘यादवी’, ‘स्वायत्तता’ आणि अमेरिकेचे १८६१चे युद्ध

प्रश्न : अमेरिकेतल्या १८६१ ते १८६५च्या युद्धावर शाळकरी मुलांसाठी टिपण लिहितो आहे. ‘यादवी’ हा शब्द इथे योग्य आहे का? शिवाय ‘गुलामगिरी आणि राज्यांची स्वायत्तता ही युद्धाची दोन कारणे’ हे वाक्य बरोबर अर्थ देते का?

प्रतिसाद १ : ‘यादवी’ रुळलेला शब्द आहे, खुशाल वापरा. प्रभासक्षेत्री यादव आपसांत लढून संपले, त्या कथेतून तो आला. मात्र त्याला मद्याच्या भरात, विनाकारण झालेल्या हाणामारीची छटा आहे. इथे भांडणाचे कारण पुरते शुद्धीवर राहून, लेखी मांडलेले होते. ती छटा नको असेल तर ‘गृहयुद्ध’ लिहा.

प्रतिसाद २ : माझा आक्षेप तुमच्या वाक्यातल्या ‘आणि’ला आहे. त्यामुळे दोन वेगळी कारणे होती असे वाटते. ‘स्वायत्तता’ म्हटले की पुढचा प्रश्न यायलाच हवा : कशाबाबत?

दक्षिणेतले साउथ कॅरोलायना हे राज्य २० डिसेंबर १८६० रोजी संघराज्यातून फुटून निघाले आणि त्याची कारणे त्यांनी जाहीरनाम्यात दिली. उत्तरेकडची, गुलामगिरी नसलेली राज्ये पळून आलेले गुलाम परत करत नाहीत, ही त्यांची मोठी तक्रार. मालकाला गुलाम बरोबर घेऊन न्यूयॉर्कमधून नुसते जाऊही देत नाहीत, हीसुद्धा. म्हणजे न्यूयॉर्कने आपली स्वायत्तता वापरली, हाच त्यांच्या लेखी गुन्हा! पळालेले गुलाम परत द्यायला लावणारा १८५०चा कायदा केंद्राचा होता. विस्कॉन्सिनच्या न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला, तेव्हा दक्षिणेने केंद्राचीच बाजू घेतली. मिसिसिपीने तर आपली भूमिका गुलामगिरीच्या व्यवस्थेशी पूर्णपणे जोडलेली आहे, असे स्वच्छ लिहिले.

फुटलेल्या राज्यांची नवी राज्यघटनाही पाहा. गुलामांवरच्या मालकीला बाधा आणणारा कायदा त्यांच्या काँग्रेसला, म्हणजे संसदेला, करता येणार नव्हता. मालकाला गुलामांसह कुठल्याही राज्यात जाण्या-राहण्याचा हक्क होता, मग त्या राज्याला ते नको असले तरी. याला स्वायत्तता म्हणणे मला पटत नाही.

प्रतिसाद ३ : थोडे थांबा. राज्यांच्या हक्कांचा वाद जुना आहे. १८३२मध्ये साउथ कॅरोलायनाने केंद्राची आयात जकात आपल्या हद्दीत रद्दबातल ठरवली होती. शिवाय गुलामगिरी आहे तिथे तिला हात लावणार नाही, असे नवे राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी ४ मार्च १८६१च्या शपथविधीच्या भाषणात सांगितले होते. मिसुरी, केंटकी, मेरीलँड, डेलावेअर ही गुलामगिरी असलेली राज्ये संघराज्यातच राहिली. मग एकच कारण कसे म्हणायचे?

प्रतिसाद २ : तुमचे मुद्दे खरे आहेत, म्हणूनच कारण, निमित्त आणि उद्दिष्ट हे शब्द वेगळे ठेवावे लागतात. राज्ये फुटण्याचे कारण गुलामगिरी, आणि त्यातही ती पश्चिमेच्या नव्या प्रदेशांत पसरू द्यायची की नाही हा तंटा. लिंकनचा विरोध त्या प्रसाराला होता आणि तेवढ्यावरच सात राज्ये त्यांच्या शपथविधीआधी बाहेर पडली. निमित्त म्हणजे १२ एप्रिल १८६१ रोजी फोर्ट समटर या साउथ कॅरोलायनातल्या केंद्राच्या किल्ल्यावर फुटलेल्या राज्यांनी केलेला तोफांचा मारा. त्यानंतर आणखी चार राज्ये गेली. उत्तरेचे उद्दिष्ट सुरुवातीला संघराज्य टिकवणे एवढेच होते. लिंकन यांच्या १ जानेवारी १८६३च्या गुलाममुक्तीच्या घोषणेपासून गुलामांची सुटका त्यात आली. जकातीचा वाद मात्र १८३३मध्ये तडजोडीने मिटला, त्यावरून कोणी फुटले नाही.

प्रतिसाद ४ : ‘दक्षिणेला स्वायत्तता हवी होती’ असे लिहिणार असाल तर त्यातला ‘दक्षिण’ शब्दही तपासा. १८६०च्या शिरगणतीत देशात सुमारे साडेएकोणचाळीस लाख माणसे गुलाम होती. साउथ कॅरोलायना आणि मिसिसिपीत निम्म्याहून अधिक लोक गुलामगिरीत होते. तेही दक्षिणेचेच ना? त्यांना कोणी विचारले? मी तरी ‘दक्षिणेतले गुलाममालक आणि त्यांची सरकारे’ असेच लिहीन. जोतीराव फुल्यांनी १८७३मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, ती गुलामांना दास्यातून मुक्त केल्याबद्दल. युद्ध संपून जेमतेम आठ वर्षे झाली होती आणि त्यातले महत्त्वाचे काय, हे पुण्यात बसून त्यांनी नेमके ओळखले होते.

प्रश्नकर्ता : आभार. वाक्य असे बदलतो : ‘गुलामगिरी टिकवण्यासाठी व पसरवण्यासाठी दक्षिणेतल्या अकरा राज्यांची सरकारे संघराज्यातून फुटली, त्यासाठी त्यांनी राज्यांच्या हक्कांचा आधार घेतला.’

प्रतिसाद २ : आता ठीक आहे.