जुना पार्ट ग्राहकाच्या हातात द्या, मग बिल मागा

मानेवाडा_ते_बुटीबोरी

माझी गाडी १२५ सीसीची, २०२१ सालची. नागपुरातल्या मानेवाड्यावरून बुटीबोरीला रोजचं जाणं-येणं, दिवसाला पन्नासेक किलोमीटर. गाडी रस्त्यात थांबली की पाळी चुकते आणि पाळी चुकली की पैसे कापले जातात.

मागच्या महिन्यात गाडी अधिकृत सर्व्हिस सेंटरला दिली. जॉब कार्डावर, म्हणजे तक्रार आणि कामं लिहायच्या कागदावर, तक्रार एकच लिहून दिली होती : सकाळी थंडी गाडी मिसिंग करते, मधूनच झटके खाते, पिकअप घेत नाही. अंदाज १,४०० रुपयांचा मिळाला. संध्याकाळी बिल हातात आलं ४,२६० रुपयांचं. चेनसेट बदलला, मागचे ब्रेक शू बदलले, इंजेक्टर क्लीनिंग, म्हणजे पेट्रोल फवारणाऱ्या भागाची सफाई, वेगळं लावलं. दिवसभरात मला एक फोन नाही. चेनसेट मी नऊ हजार किलोमीटर आधीच टाकला होता, तारीख आणि किलोमीटर माझ्या डायरीत आहेत. म्हटलं, जुना दाखवा. उत्तर मिळालं, "तो भंगारात गेला." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी पुन्हा मिसिंग!

चार दिवसांनी तुकडोजी पुतळ्याच्या बाजूला एका टिनाच्या शेडमधल्या मिस्त्रीकडे गेलो. त्याने मला स्टुलावर बसवलं, गाडी चालू करून दोन मिनिटं नुसती ऐकली. प्लग काढून मला दाखवला, काळाकुट्ट. एअर फिल्टर काढला, तोही धुळीने भरलेला. प्लग साफ करून गॅप बसवला, फिल्टरला हवा मारली आणि ८० रुपये घेतले. गाडी सुधारली.

माझं म्हणणं एवढंच आहे : जॉब कार्डावर नसलेलं काम फोन न करता करायचं नाही आणि बदललेला प्रत्येक पार्ट ग्राहकाच्या हातात द्यायचा. झिजलेल्या स्प्रॉकेटचे, म्हणजे चेन ज्यावर फिरते त्या दातेरी चक्राचे, दात एका बाजूला वाकून टोकदार होतात. मागच्या चक्रावरची चेन बोटाने मागे ओढली आणि अर्धा दात उघडा पडला, तर चेन संपली. हे कोणालाही डोळ्यांनी दिसतं. मग दाखवायला अडचण काय आहे? ज्याला जुना पार्ट दाखवता येत नाही, त्याने नव्याचे पैसे मागू नयेत.

सर्व्हिस_सुपरवायझर

मी नऊ वर्षं अधिकृत सेंटरमध्ये आहे, तुमच्या सेंटरमध्ये नाही. भंगारात गेला हे उत्तर चूक होतं, ते मान्य. पण बाकीचं एकतर्फी लिहिलं आहे.

सकाळी नऊ ते अकराच्या मध्ये आमच्याकडे चाळीस गाड्या लागतात. रॅम्प मोजके. गाडी उघडून ठेवली आणि ग्राहकाने फोन उचलला नाही, तर तो रॅम्प अडतो आणि मागच्या पाच गाड्या संध्याकाळी मिळत नाहीत. कंपनीत फोन आत नेता येत नाही असे कितीतरी ग्राहक आहेत, बुटीबोरी-हिंगण्याचे तर हमखास. आणि ब्रेक शू धातूपर्यंत घासलेले दिसत असताना मी फक्त मिसिंग काढून गाडी देऊ? उद्या वर्धा रोडवर काही झालं तर तुम्हीच म्हणाल, सेंटरला दिसलं कसं नाही.

वॉरंटीत बदललेला पार्ट कंपनीला परत पाठवावा लागतो, तो देता येत नाही. पैसे देऊन बदललेला देता येतो, द्यायलाच हवा.

आता तुमचे ८० रुपये. २०२० नंतरच्या बऱ्याच गाड्यांत तेल मुरवलेला कागदी फिल्टर येतो. त्याला हवा मारायची नसते, धुवायचाही नसतो. हवेने तेल उडतं, मग धूळ अडत नाही, थेट इंजिनात जाते आणि पिस्टन-सिलिंडर घासतो. तो ठरलेल्या किलोमीटरला बदलायचाच असतो. तुमच्या गाडीत तोच फिल्टर असेल, तर गोड बोलणाऱ्या मिस्त्रीने तुमचं नुकसान केलं आहे आणि ते सहा महिन्यांनी कळेल. चांगलं बोलणं वेगळं, चांगलं काम वेगळं.

मानेवाडा_ते_बुटीबोरी

फिल्टरचं मला माहीत नव्हतं. पुस्तक काढून बघतो. पण दादा, मी जॉब कार्डावर पर्यायी नंबर लिहिला होता, बायकोचा. ती घरीच होती. तिलाही फोन आला नाही.

पाना_चौदाचा

मी गॅरेजवाला आहे भाऊ, बावीस वर्षं झाली. त्या मिस्त्रीने हवा मारली असेल तर चुकलंच, आपल्या माणसाची बाजू घेऊन खोटं बोलणार नाही. पण काऊन चुकलं ते पण ऐका. कार्बोरेटरच्या जमान्यात आम्ही फोमचा फिल्टर पेट्रोलमध्ये धुऊन ऑइल लावून परत बसवत होतो, तोच हात पडला आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६, धुराचे नवे नियम आले, बहुतेक दुचाकींत कार्बोरेटर जाऊन इंजेक्शन आलं, सेन्सर आले. आम्हाला कोणी बोलावून शिकवलं का? कंपनीचं ट्रेनिंग कंपनीच्या लोकांना. मी स्वतःच्या पैशाने बिघाड वाचणारा स्कॅनर घेतला, तर एका कंपनीची गाडी वाचते, दुसरीची वाचत नाही. काही गाड्यांत इंजिनाचा दिवा लांब-आखूड लुकलुकतो, ते मोजून बिघाडाचा कोड काढता येतो, ते मी मुलाच्या मदतीने मोबाइलवर पाहून शिकलो. डिसेंबर २०२२ मध्ये सरकारने राइट टू रिपेअरचं, म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलं, चांगलं केलं. पण पान्याने काम करणाऱ्या माणसाच्या हातात सर्व्हिस मॅन्युअल मराठीत येईल तेव्हा त्याचा उपयोग.

जुना पार्ट मी देतोच, पिशवीत घालून हँडलला लटकवून ठेवतो. माझं दुखणं दुसरं आहे. गिऱ्हाईक पार्टचे छापील ६५० रुपये चुपचाप देते आणि माझ्या मजुरीचे १५० म्हटले की "शंभर घ्या न भाऊ". पार्ट कंपनीचा, घाम माझा. मे महिन्यात टिनाखाली बसून पाहा राजेहो, दुपारी पाना उचलला की हात भाजते. मजुरीत घासाघीस होते म्हणून कितीतरी मिस्त्री पार्टमध्ये पैसे काढतात, डुप्लिकेट टाकतात. ते बेइमानीच आहे. पण ती शिकवली कोणी?

अजून एक. गिऱ्हाईक घरून ऑइल घेऊन येते, कारमधलं उरलेलं. मोटरसायकलचा क्लच ऑइलमध्येच बुडालेला असतो. कारच्या बऱ्याच ऑइलमध्ये घर्षण कमी करणारं औषध असते, त्याने क्लच घसरते. मी नाही म्हटलं तर "तुम्हाला तुमचं ऑइल विकायचं आहे". टाकलं आणि क्लच गेला तर "मिस्त्रीनं बिघडवली".

गोकुळपेठची_स्कूटर

इथे सगळे भाऊ-दादा बोलत आहेत म्हणून लिहिते. स्कूटर माझी, पैसे माझे, चालवते मी. धाकटा भाऊ सोबत असला की मिस्त्री काय बिघडलं ते त्याला सांगतो. त्याच्याकडे लायसन्सही नव्हतं तेव्हापासूनची ही गोष्ट आहे. मी विचारलं की "ताई, तुम्हाला नाही समजणार, चालू करून देतो." सेंटरमध्ये हे जरा कमी होतं, तिथे निदान जॉब कार्डावर माझं नाव असतं. म्हणून मी सुपरवायझर दादांच्या बाजूची आहे, असं लिहायला बसले होते.

पण २३ सप्टेंबर २०२३ आठवला. पहाटे काही तासांत शंभर मिलीमीटरच्या वर पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी घरांत शिरलं. आमच्या तळमजल्यावरच्या सगळ्या गाड्या सीटपर्यंत बुडाल्या. सेंटरला फोन केला तर रांग इतकी की पंधरा दिवसांनी आणा म्हणाले. त्यांचीही चूक नव्हती, सगळा भागच बुडाला होता. आमच्या गल्लीच्या टोकाचा मिस्त्री, ज्याच्या स्वतःच्या दुकानात चिखल होता, तो सकाळी दारोदार सांगत फिरला : "सेल्फ मारू नका, किक मारू नका, चाबी पण फिरवू नका." ज्यांनी ऐकलं नाही त्यांच्या इंजिनात पाणी ओढलं गेलं. माझं ऑइल काढलं तेव्हा दुधाच्या चहासारखं निघालं. त्याने दोनदा स्वस्तातलं ऑइल टाकून, गाडी थोडी चालवून, परत काढलं, तिसऱ्यांदा चांगलं भरलं. बेल्टचा डबा उघडून वाळवला. वायरिंगचे सॉकेट एकेक सोडवून पुसले. दोन दिवस गेले त्यात. आणि प्रत्येक वेळी मला बोलावून दाखवलं, मला, भावाला नाही. त्याच आठवड्यात शेजाऱ्यांकडून दुसऱ्या एकाने "इंजिन उघडलं" सांगून साडेपाच हजार घेतले. बिल नाही, काही नाही. इंजिनाच्या बोल्टांवरचा चिखल जसाच्या तसा वाळलेला होता.

सेवा चांगली की वाईट हे पाटीवरून ठरवू नये, हे मी त्या आठवड्यात शिकले. पण जुना पार्ट दाखवायचा नियम दोघांनाही लागू हवा.

पार्सल_रात्रपाळी

माझं मत मूळ लेखाच्या विरुद्ध आहे. मला फोन नको. मी डिलिव्हरी करतो, गाडी दुकानात आहे तितका वेळ माझी कमाई बंद. मिस्त्रीने फोन करायचा, मी विचार करायचा, परत फोन करायचा, यात दोन तास जातात आणि दोन तासांत माझ्या चार-पाच ऑर्डर होतात. माझा मिस्त्री मला ओळखतो. त्याला सांगून ठेवलं आहे, पाचशेच्या आतलं जे लागेल ते न विचारता कर, वरचं असेल तरच विचार. आजवर एकदाही भांडण नाही. जॉब कार्डावर हाच एक रकाना छापा : न विचारता किती रुपयांपर्यंत. ज्याला प्रत्येक गोष्टीत विचारायला हवं त्याने शून्य लिहावं.

चांगली सेवा म्हणजे माझ्यासाठी एकच, सांगितलेल्या वेळेला गाडी. "पाच वाजता घेऊन जा" म्हणायचं आणि आठ वाजेपर्यंत "होऊन राहिली, होऊन राहिली" करायचं, हा सगळ्यात मोठा अपमान आहे. पार्टमध्ये शंभर-दोनशे जास्त घेतले तर मी एकदा सोडून देईन. संध्याकाळ बुडवली तर ती कोणी परत देत नाही.

सिव्हिल_लाइन्स_वकील

थोडक्यात सांगतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा जुलै २०२० पासून लागू आहे. पैसे घेऊन केलेली दुरुस्ती ही सेवा आहे आणि तिच्यातली त्रुटी तक्रारीला पात्र आहे. बिल न देणं ही याच कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही, वकील लावणं सक्तीचं नाही, मुदत दोन वर्षं. तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. त्याआधी १९१५ या हेल्पलाइनवर नोंद करा, बऱ्याच गोष्टी तिथेच मिटतात. मूळ लेखकाकडे १,४०० चा लेखी अंदाज आणि ४,२६० चं बिल, दोन्ही आहेत. हे कागद फार बोलतात.

पाना_चौदाचा

वकीलसाहेब, सेंटरवाल्याकडे बिल छापायचं मशीन आहे. आमच्याकडे वही आहे. जीएसटीचा नंबर नाही, कारण तेवढा धंदाच नाही. लोक बिल मागतात तेव्हा आम्हाला वाटते की हा केस करणार.

सिव्हिल_लाइन्स_वकील

सेवा देणाऱ्याची वर्षाची एकूण उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणी सहसा लागत नाही, आणि नोंदणी नसताना जीएसटी लावताही येत नाही. पण पावतीला जीएसटी लागत नाही. वहीचं पान पुरतं : तारीख, गाडीचा नंबर, काय बदललं, पार्टचे किती, मजुरी किती, खाली सही. त्या पानाने तुमचंही रक्षण होतं. कारचं ऑइल ग्राहकाने आणलं हेही त्यावर लिहा.

सर्व्हिस_सुपरवायझर

दोन दिवस हा धागा वाचतो आहे. एक गोष्ट पहिल्यांदा लिहिली नव्हती, ती लिहितो. इंजेक्टर क्लीनिंग, कोटिंग, इंजिन फ्लश, यांचं महिन्याचं टार्गेट असतं. कमी झालं की आम्हाला विचारतात. मिसिंगची तक्रार आली की इंजेक्टर क्लीनिंग लावायचं, हा हात तिथूनच पडतो. आधी प्लग बघायचा असतो, हे आम्हाला माहीत असतं. तुमचा प्लग काळा निघाला म्हणजे तो कोणी काढून पाहिलाच नव्हता. याचं मला वाईट वाटलं.

पण ब्रेकच्या बाबतीत मी मागे हटणार नाही. शू संपला असेल तर मी बदलणार, फोन लागो न लागो. ग्राहक ओरडला तर ओरडू दे.

मानेवाडा_ते_बुटीबोरी

ब्रेकचं पटत नाही. बदलू नका, गाडी अडवून ठेवा, म्हणा की असे ब्रेक घेऊन जाऊ देणार नाही. मी थांबेन, पैसे देईन, तुमचे आभारही मानेन. माझ्या नकळत माझ्या खिशात हात घालायला ब्रेक हे कारण होऊ शकत नाही.

पुस्तक पाहिलं. फिल्टर तोच निघाला, तेल मुरवलेला, साफ करू नये असं स्पष्ट छापलं आहे. काल नवीन घेतला आणि त्याच मिस्त्रीकडे गेलो. पुस्तकाचं पान दाखवलं. त्याने चष्मा लावून चित्र पाहिलं, पोराला हाक मारून म्हणाला, "हे पाय, याला हवा नाही मारायची." मागचे ८० रुपये परत देत होता, मी घेतले नाहीत. जुना फिल्टर मात्र त्याने न मागता पिशवीत घालून दिला.

रकान्याची कल्पना चांगली आहे. पुढच्या वेळी जॉब कार्डावर हातानेच लिहीन : न विचारता ३०० रुपयांपर्यंत.

पार्सल_रात्रपाळी

खाली वेळ पण लिहून घ्या. किती वाजता मिळणार ते, सहीसकट.