मदत हवी आहे : टिटिकाका सरोवराच्या अवकाशातून टिपलेल्या छायाचित्रावर दिशा आणि प्रमाण कसे दाखवावे?

सर्वांना नमस्कार. मी कोल्हापुरातील एका माध्यमिक शाळेत भूगोल शिकवते. भूगोल कक्षाच्या भिंतीसाठी आम्ही आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरून अंतराळवीरांनी टिपलेले, दक्षिण अमेरिकेत पेरू आणि बोलिव्हियाच्या सीमेवर असलेल्या टिटिकाका सरोवराचे छायाचित्र निवडले असून ते मोठ्या फ्लेक्सवर छापून घ्यायचे आहे. छायाचित्र तिरप्या कोनातून घेतलेले आहे आणि त्यावर ना उत्तर दिशा आहे ना प्रमाणपट्टी. राजारामपुरीतल्या छपाईवाल्या दादांनी "डोंगर वरच असणार, मॅडम" असे म्हणून हिमशिखरांची रांग वरच्या कडेला येईल असे ते फिरवून ठेवले आहे. दिसायला ते देखणे दिसते, पण खाली काय लिहायचे ते ठरत नाही.

माझा अंदाज असा. सरोवर वायव्येकडून आग्नेयेकडे पसरलेले असून कॉर्डिलेरा रिअल ही हिमाच्छादित रांग त्याच्या पूर्वेकडून जवळजवळ समांतर जाते. म्हणजे आमच्या छायाचित्राची वरची कड ढोबळमानाने ईशान्य ठरते. तसे असेल तर मोठे सरोवर डावीकडे आणि विन्यायमार्का हे धाकटे सरोवर उजवीकडे यायला हवे, आणि ते तसेच आले आहे, त्यामुळे चित्र आरशातल्याप्रमाणे उलटलेले नाही एवढी खात्री झाली. दोहोंना जोडणारा टिकिनाचा जलमार्ग सर्वांत अरुंद ठिकाणी जेमतेम ८०० मीटरचा आहे. छायाचित्रात तो बारीक रेघेएवढा दिसतो. मग उत्तरेचा बाण वरच्या डाव्या कोपऱ्याकडे रोखून काढला तर चालेल का?

दुसरी अडचण प्रमाणाची. सरोवर समुद्रसपाटीपासून सुमारे ३,८१० मीटर उंचीवर असून त्याचे क्षेत्रफळ सुमारे ८,३०० चौरस किलोमीटर आहे, आणि आपला अख्खा कोल्हापूर जिल्हा ७,६८५ चौरस किलोमीटरचा आहे. हे मुलांच्या डोळ्यांसमोर उभे राहिले पाहिजे, नाहीतर ती त्याला रंकाळ्याचा थोरला भाऊ समजून पुढे जातील. परंतु तिरप्या छायाचित्रात जवळचा एक सेंटिमीटर आणि लांबचा एक सेंटिमीटर सारखे नसतात. मग प्रमाणपट्टी द्यावी की नाही?

तिसरा प्रश्न रंगाचा. मोठे सरोवर गडद निळे आणि धाकटे हिरवट दिसते. मोठ्याची कमाल खोली सुमारे २८० मीटर आणि धाकट्याची सुमारे ४० मीटर असल्याने "उथळ म्हणून हिरवे" असे लिहिण्याचा मोह होतो. मात्र पुनो शहराजवळच्या उपसागरातही तशीच हिरवट छटा आहे, आणि तिथे तोतोरा नावाचे लव्हाळे दाट वाढते, शिवाय शहराच्या सांडपाण्यामुळे शेवाळही फोफावते. केवळ छायाचित्र पाहून यांतले कारण वेगळे काढता येते का? उजव्या टोकाला पाण्यावर एक चंदेरी पट्टाही आहे.

जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे. छपाई पुढच्या आठवड्यात आहे.

प्रतिसाद :

मॅडम, दिशेबाबतचा तुमचा तर्क बरोबर वाटतो. तरीही छायाचित्र नासाच्या संग्रहातून घेतले असेल तर त्याच्या नोंदीत छायाचित्राचा मध्यबिंदू आणि त्या क्षणी स्थानक ज्या जागेच्या थेट वर होते तिचे अक्षांश-रेखांश बहुधा मिळतात. ते दोन बिंदू नकाशावर जोडले की कॅमेरा कोणत्या दिशेला रोखलेला होता ते कळेल. प्रमाणपट्टी मुळीच देऊ नका. त्याऐवजी टिकिनावर "सुमारे ८०० मीटर" आणि सरोवराच्या लांबीवर "सुमारे १९० किलोमीटर" असे थेट लिहा, आणि जिल्ह्याची तुलना तळाशी ठळक अक्षरांत द्या.

चंदेरी पट्टा हे बहुधा सूर्याचे परावर्तन असावे. तेवढ्या भागात पाण्याचा मूळ रंग दिसतच नाही, म्हणून तिथल्या रंगावरून खोलीविषयी काहीही लिहू नये. हिरवटपणाबाबत "उथळ पाणी, लव्हाळे आणि शेवाळ यांमुळे हा भाग हिरवट दिसू शकतो" एवढेच लिहावे. वेगवेगळ्या ऋतूंतली दोन-तीन छायाचित्रे शेजारी ठेवून पाहिलीत तर हिरवा भाग कुठे सरकतो आणि कुठे तसाच राहतो तेही ध्यानात येईल.