दुप्पट म्हणजे कितीच्या दुप्पट?

भाषा सोपी केली की वैद्यकीय संशोधन लोकांपर्यंत पोचतं, असं म्हटलं जातं; मला ते अर्धंच पटतं. शब्द सोपे हवेतच, पण खरी गडबड आकड्यांत होते. ऑक्टोबर १९९५ मध्ये ब्रिटनच्या औषध-सुरक्षा समितीने इशारा दिला, की काही नव्या गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताच्या गुठळ्यांचा धोका दुप्पट होतो. वाक्य सोपं होतं. पण दुप्पट म्हणजे साधारण ७,००० जणींमागे १ ऐवजी २, हे बहुतेकींना कळलंच नाही. घाबरून कित्येकींनी गोळ्या सोडल्या आणि पुढच्या वर्षी इंग्लंड-वेल्समध्ये अंदाजे १३,००० गर्भपात जास्त झाले. गरोदरपणात तर गुठळ्यांचा धोका त्या गोळ्यांपेक्षाही जास्त असतो! याचं फार वाईट वाटतं.

विद्यार्थी असताना मी संशोधनाची माहिती देणाऱ्या पोस्टरपाशी उभी राहून "धोका ३० टक्क्यांनी घटतो" असं सांगत होते. एका आजींनी विचारलं, "म्हणजे शंभरातल्या किती जणी वाचतात गं?" मला सांगता येईना. तेव्हापासून पोस्टरवर शंभर ठिपके काढते, त्यातले मोजके रंगवते. लोक बोटाने मोजतात आणि मग नेमकं विचारतात.