एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांसाठी एचपीव्ही लसीची प्रश्नावली: काय विचारावं?

प्रश्न: एचपीव्ही म्हणजे गर्भाशयमुखाचा कर्करोग घडवू शकणारा विषाणू. त्यावरची ‘लस माहीत आहे का?’ याला सगळेच ‘हो’ म्हणतात. खरं ज्ञान आणि दृष्टिकोन कसा तपासायचा?

उत्तर १: तो प्रश्न काढूनच टाका, प्रसंग द्या. मुलगी १३ वर्षांची, पहिला डोस होऊन ३ महिने झालेत. दुसरा आज द्यायचा का? नाही. ९ ते १४ वयात दोन डोसांत ६ महिने हवेत. ५ महिन्यांच्या आत दिला तर तिसरा लागतो. पंधरा पूर्ण झाल्यावर सुरुवात केली तर तीन डोस: ०, २, ६ महिन्यांना. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ पासून एका डोसचा पर्यायही मान्य केलाय, तेव्हा कोणतं वेळापत्रक धरलंय ते प्रश्नातच लिहा. ‘माहीत नाही’ हा पर्याय ठेवा, नाहीतर अंदाजपंचे खुणा मोजत बसाल.

उत्तर २: ‘लस घेतली की पॅप तपासणी (गर्भाशयमुखाच्या पेशींची तपासणी) नको’ हे चूक-बरोबर विचाराच. सर्व्हाव्हॅक या भारतीय एचपीव्ही लसीत विषाणूचे ६, ११, १६, १८ एवढेच प्रकार आहेत, म्हणून तपासणी सुटत नाही. दृष्टिकोनासाठी ‘धाकट्या भावाला लस द्यायला घरी सांगाल का?’ विचारा. नकार आला तर कारण घ्या: किंमत, दुष्परिणामांची भीती की घरी विषय काढायचा संकोच? प्रश्नावलीवर नाव, रोल नंबर अजिबात नको.

प्रश्नकर्ता: मुलग्यांनाही हीच प्रश्नावली?

उत्तर २: हो, हीच. लस त्यांच्यासाठीही आहे.